जुनी आण, नवी ने

गावित सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या. आधी पाय. निवाऱ्याच्या दारात कुणी नवा माणूस घुटमळताना दिसला, की स्टुलावरून न उठता विचारायच्या, "जेवलास का?" उत्तर हो येवो नाहीतर नाही, पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "बस. पाय दाखव."

मला सुरुवातीला हा प्रकार अजब वाटला होता. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकताच तिथे चिकटलो होतो. व्यसनी माणसाशी पहिलं बोलणं कसं करावं यावर आम्हाला अख्खा एक पेपर होता, आणि त्यात पायांचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यामागचं शहाणपण ध्यानात यायला मला काही महिने लागले. सुई घेणाऱ्या माणसाला हात दाखव म्हटलं की तो हात मागे नेतो. हातावरच्या खुणा बघूनच लोकांनी त्याला जागोजागी हाकललेलं असतं. पाय मात्र तो बिनदिक्कत पुढे करतो. टाचा फुटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कुठे काच रुतलेली. सिस्टर ते पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवायला लावायच्या, चष्मा नाकावर ओढून नखं कापायला बसायच्या, आणि तोवर तो माणूस आपण होऊन बोलायला लागलेला असायचा. अर्ध्या-पाऊण तासात बाहीसुद्धा वर गेलेली असायची.

पंचवटीच्या मागच्या अंगाला एका जुन्या धर्मशाळेच्या तीन खोल्या आमच्या छोट्या संस्थेने बेघर माणसांसाठी घेतल्या होत्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. घाटावर, पुलाखाली, बाजाराच्या आवारात राहणारे लोक तिथे अंघोळीला, जेवायला, पाठ टेकायला यायचे. त्यातले बरेच गर्दच्या नशेच्या नादी लागलेले. आधी पन्नीवर जाळून ओढायचे, ते परवडेनासं झालं की इंजेक्शनं. एकच सुई तिघाचौघांत फिरायची. त्यांची नशा सोडवणं हे आमचं पहिलं काम नव्हतं. नशा करणारच असतील तर निदान एकमेकांचा आजार घेऊन मरू नयेत, म्हणून नव्या सुया द्यायच्या, पिकलेल्या जखमा बांधायच्या, रक्त तपासून आणायचं. हे सगळं गावित सिस्टरांकडे होतं. त्यांच्या टेबलावर 'समुपदेशक' अशी लाकडी पाटी होती. तो शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पाटी आडवी करून तिच्यावर त्या जेवणाचा डबा ठेवायच्या.

सिस्टर पेठकडच्या. बुटक्या, सावळ्या, चालताना घाटरस्ता चढत असल्यासारख्या किंचित पुढे झुकलेल्या. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपाड्यांवर त्यांनी सरकारी नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आल्या. डब्यात नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी. त्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे यायची. मी निफाडचा म्हणून मला त्या निफाडकर म्हणायच्या. द्राक्षाच्या गावचा माणूस, ह्याला सगळं गोडच लागतं, असा त्यांचा शेरा होता. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मला दहावा उलटून गेल्यावर कळलं, आणि वेळेवर न कळल्याचा राग कुणावर काढावा ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्याला नशा सोडण्यावर चांगलं अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं. तो मान हलवत राहिला आणि नंतर पंधरा दिवस फिरकला नाही. सिस्टर मला लोकांसमोर काही बोलल्या नाहीत. भाकरी मोडताना म्हणाल्या, "सोड म्हणायला त्याची बायको आहे, पोरं आहेत, पोलीस आहेत, सगळं गाव आहे. तुम्ही दुसरं काहीतरी म्हणा."

मग त्यांनी मला डोंगरातली हकिगत सांगितली. बाया घरीच बाळंत व्हायच्या. दाई नाळ कापायची ती विळ्याने, नाहीतर बांबूच्या चिपेने, आणि आठवड्याभरात बाळ धनुर्वाताने जायचं. सिस्टर पाड्यापाड्यावर जाऊन सांगायच्या की बाळंतपणाला दवाखान्यात या. दवाखाना दोन डोंगरांपलीकडे, कोण येणार? काही वर्षं सांगून सांगून घसा बसला. शेवटी त्यांनी सांगणं बंद केलं आणि प्रत्येक दाईच्या हातात नवं पातं आणि उकळलेला दोरा दिला. वरच्या साहेबांनी, तुम्ही घरच्या बाळंतपणाला उत्तेजन देता, म्हणून त्यांना झापलं. "बाळं जगायला लागली, निफाडकर. मला दुसरं काय पाहिजे होतं?" इथल्या सुया म्हणजे त्यांच्या लेखी तीच पाती होती.

एकदा पैसे देणाऱ्यांकडून एक साहेब पाहणीला आले. किती जणांनी नशा सोडली, हे ते पुन्हापुन्हा विचारत होते. त्यांच्या गालात तंबाखू होती. सिस्टरांनी अगदी अदबीने चौकशी केली, साहेब किती वर्षं खाता? वीस. घरचे सोडा म्हणतात का? बायको रोज म्हणते. "आणि तरी तुमच्याशी सगळे नीट बोलतात ना?" सिस्टरांनी विचारलं. साहेबांनी चहा घेतला आणि आपला प्रश्न सोडून दिला.

पण त्या मवाळ होत्या असं कुणी समजू नये. खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. आणि त्यांचा एक नियम होता, जुनी आण, नवी ने. वापरलेली सुई टोपण लावून परत आणायची, डब्यात टाकायची, तेव्हाच नवी मिळायची. हा नियम वरून आला नव्हता, सिस्टरांनीच केला होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या गल्लीतल्या एका लहान मुलीला नालीजवळ पडलेली सुई सापडली होती आणि ती डॉक्टर-डॉक्टर खेळायला लागली होती. नशिबाने टोचली नाही. पण सगळी गल्ली निवाऱ्यावर चालून आली, आणि ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. सिस्टर दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, या गल्लीत किंवा घाटावर आमची एक सुई जरी पडलेली दिसली, तरी मी माझ्या हाताने कुलूप लावीन. लोक त्यांच्या शब्दावर परत गेले. तो शब्द पाळण्यासाठी तो नियम.

आता दत्तूविषयी सांगायला हवं. दत्तू येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. विशी-पंचविशीपर्यंत बापाबरोबर मागावर बसलेला. मग भांडण होऊन नाशकात आला, बाजारात कांद्याची पोती वाहिली, आणि पुढे सगळ्यांचं झालं तेच त्याचं झालं. त्याची बोटं मात्र विणकराचीच राहिली. निवाऱ्यातल्या फाटक्या चादरी तो असा रफू करायचा की जोड शोधावा लागायचा. सिस्टरांच्या साडीचा काठ उसवला होता तोही त्यानेच दुरुस्त केला. त्याची एक बारीक गाठ होती, तुटलेला धागा सांधायची. ती नखाने सुटायची नाही, कापावीच लागायची. सिस्टरांचा त्याच्यावर जीव होता आणि तो त्यांना फसवायचाही. सुया हरवल्या म्हणून त्याने दोनदा नव्या नेल्या आणि त्या दुसऱ्याला विकल्या, हे दोन्ही वेळा उघडकीला आलं होतं.

काही वर्षं गेली. सिंहस्थ जवळ आला होता आणि घाट मोकळा करायचं काम चाललं होतं. एका दुपारी दत्तू धापा टाकत आला. त्याचं बोचकं कुणीतरी उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं, सुया त्यातच गेल्या होत्या. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं, नाक वाहत होतं. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. हरवल्याची गोष्ट तिसऱ्यांदा. "जुनी आण, मग नवी," त्या म्हणाल्या. तो तसाच गेला. मी तिथेच बसलो होतो. मलाही तो खोटंच बोलतोय असं वाटलं होतं, हे मी इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तो आला, जेवला, चादर रफू करत बसला. आदल्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. त्याच्या बोचक्याची गोष्ट खरी होती हे आठवड्याभराने दुसऱ्यांकडून कळलं. तीन-चार महिन्यांनी नेहमीप्रमाणे सिस्टर त्याला रक्त तपासायला घेऊन गेल्या. दिवाळीतला रिपोर्ट स्वच्छ होता. या वेळी एचआयव्ही निघाला.

मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या वेळची असेल, त्याचं काय खरं आहे? त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर तो एक दिवस सोडला तर त्याने माझ्या सुईशिवाय घेतली नाही. मी विचारलंय त्याला. या वेळी तो खोटं बोलत नाही." मला तेव्हा त्यांची फार काळजी वाटली. हे सगळं त्याला सांगायची गरज नाही, असं मी सुचवून बघितलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. रोज ज्यांच्याकडून खरं मागायचं, त्यांच्यापासून हे लपवायचं कसं?

त्यांनी त्याला सांगितलं तेव्हा त्याचे पाय पाण्यात होते. तुला हा आजार झाला तो त्या दिवशीच्या सुईने, आणि ती घ्यायची पाळी मी आणली, इतक्या सरळ शब्दांत. दत्तू ओरडला नाही. खाली बघत म्हणाला, "तुमी नाय दिली त्याचं काय नाय. पन दुसऱ्या दिशी मी आलो तवा इचारायचं व्हतं, कुठून घेतली म्हून." त्याने पाय पाण्यातून काढले, ओल्यानेच चपला घातल्या आणि तो निघून गेला. दारापर्यंत फरशीवर पाण्याचे ठसे उमटले होते. सिस्टरांनी ते पुसू दिले नाहीत, आपोआप वाळले.

दत्तू यायचा बंद झाला. त्याच संध्याकाळी सिस्टरांनी नियम मोडीत काढला. मागेल त्याला सुई, जुनी आहे का विचारायचं नाही. मी म्हटलं, आणि गल्लीला दिलेला शब्द? "तो माझा मी बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घाटावर होत्या. एका हातात स्वयंपाकघरातला लांब चिमटा, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. पायऱ्यांच्या फटी, पुलाखालचे दगड, झुडपं, सगळं वाकून वाकून बघायच्या आणि पडलेली सुई चिमट्याने उचलून डब्यात टाकायच्या. रोज, निवाऱ्यावर येण्याआधी. साठी केव्हाच उलटलेली, गुडघे दुखायचे. अंघोळीला आलेल्या लोकांना वाटायचं बाई घाट साफ करायचं पुण्य मिळवतेय. पूजेला आलेल्या एका यजमानाने तर त्यांच्या हातात नारळ ठेवला. तो आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ला. काही महिन्यांत त्यांची मान चालताना खालीच राहायला लागली. रस्त्याने माझ्याशी बोलत असल्या तरी नजर जमिनीवर.

त्या दत्तूलाही शोधत होत्या हे सांगायला नको. तो काठावरच कुठेतरी आहे एवढं कळायचं, पण सिस्टर दिसल्या की तो तिथून उठायचा. मग त्यांनी पुलाच्या तिसऱ्या खांबाजवळच्या कपारीत एक पुडी ठेवायला सुरुवात केली. दोन नव्या सुया, कापूस, आणि फडक्यात भाकरी. दुसऱ्या दिवशी पुडी गेलेली असायची. मी म्हटलं, दुसराच कुणी नेत असेल. त्या म्हणाल्या, "नेऊ दे. त्याला पण लागतच असेल."

एका सकाळी त्या घाटावरून निवाऱ्यात आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. समोर एक पत्र्याची तंबाखूची डबी ठेवली. घाटावर फुलांच्या पुड्या बांधतात त्या दोऱ्याने ती घट्ट बांधलेली होती. गाठ नखाने सुटेना. मी कात्रीने कापली. आत वापरलेल्या दोन सुया, टोपणं लावलेल्या. सिस्टर त्या गाठीवरून बोट फिरवत होत्या. "येवल्याची आहे," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

तेव्हापासून रोज पुडी जायची आणि डबी यायची. आता कुणी मागत नव्हतं, तरी तो जुन्या सुया परत करत होता. पावसाळ्यात नदी चढली, तिसरा खांब पाण्यात गेला, तेव्हा पुडी वरच्या पायरीवर सरकली आणि डबीही वर सरकली. दोघांची भेट मात्र नाही. असं दीड-एक वर्ष चाललं. सिस्टरांना एकच घोर होता. या आजारावरच्या गोळ्या तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हत्या, पण सरकारी दवाखान्यात फुकट मिळणार असं बोललं जात होतं. गोळ्या येतील तेव्हा दत्तू जिवंत असायला हवा, आणि समोर यायला हवा. गोळ्या काही कपारीत ठेवून देता येत नाहीत. तपासण्या लागतात, रोज वेळेवर घ्याव्या लागतात.

गोळ्या आल्या. सिस्टरांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून घेतली. मी 'कृपया' असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. गोळ्या आल्यात, पैसे नाहीत, ये, एवढंच ठेवलं. चिठ्ठी पुडीत गेली. दुसऱ्या दिवशी पुडी नव्हती, पण डबीही नव्हती. त्यानंतर आठ-नऊ दिवस कपारीतली पुडी तशीच पडून राहिली, भाकरीला मुंग्या लागल्या. सिस्टर रोज नवी ठेवत होत्या आणि जुनी उचलून आणत होत्या. त्या दिवसांत त्यांनी माझ्यापुढे अर्धी भाकरी सरकवली नाही. त्यांचा डबा भरलेलाच घरी जायचा.

नवव्या नाहीतर दहाव्या दिवशी दुपारी दत्तू दारात उभा. इतका वाळला होता की मी आधी ओळखलंच नाही. तो आत आला, स्टुलावर बसला, आणि कुणी काही बोलायच्या आत चपला काढून त्याने दोन्ही पाय पुढे केले. ताप भरून लांबच्या दुसऱ्या पुलाखाली पडून होतो, असं त्याने नंतर सांगितलं. सिस्टरांना घमेलं आणायचंही सुचेना. विचारलं ते नेहमीचंच. "जेवलास का?"

"नाय," दत्तू म्हणाला.

त्यांनी पाटीवरचा डबा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. घमेलं मी आणलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्यांनी त्याला मळमळायचं, तो मध्येच बंद करायचा, सिस्टर भांडायच्या, तो परत यायचा. सुई कधी आठवडाभर बंद, कधी पुन्हा सुरू. पण अंगावर मूठभर मांस चढलं. एका शिंप्याकडे काज-बटणाचं काम मिळालं. सिस्टर त्याला एकदाही शाबास म्हणाल्या नाहीत आणि एकदाही सोड म्हणाल्या नाहीत. रोज गोळी गिळल्यावर त्याला तोंड उघडून दाखवायला लावायच्या, एवढंच.

मग गुडघ्यांनी अगदीच दगा दिला. सिस्टरांनी गावी, पुतण्याकडे जायचं ठरवलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीला त्यांनी महिनाभर शिकवलं, चिमटा आणि डबा तिच्या स्वाधीन केला. निघाल्या त्या सकाळी मी त्यांना सीबीएस स्टँडवर सोडायला गेलो. पेठची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागा मिळाली. तेवढ्यात दत्तू धावत आला आणि त्याने खिडकीतून ती तंबाखूची डबी आत दिली. दोऱ्याने बांधलेली, तीच गाठ.

सिस्टरांनी पिशवीतून कात्री काढली आणि दोरा कापला. डबी रिकामी होती.

"लय दिस झाले," दत्तू म्हणाला. "टाकायला काय नाय."

मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील. मलाच भरून आलं होतं, दोन शब्द मलाही बोलावेसे वाटत होते. सिस्टरांनी डबीचं झाकण लावलं आणि ती त्याच्या हातात परत दिली. "ठेव तुझ्याजवळ. लागली तर माग," त्या म्हणाल्या. "नव्या पोरीला सांगून ठेवलंय, काही विचारायचं नाही म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी मात्र विचारायचं, हे पण सांगितलंय."

दत्तूने मान खाली घातली आणि डबी खिशात टाकली.

गाडी मागे आली, वळली. मी हात हलवत होतो, पण खिडकीतल्या सिस्टर आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची मान खाली झुकलेली होती, फलाटाच्या कडेकडे, नालीकडे, पडलेल्या कागदांकडे. मला जरा लागलंच ते. इतकी वर्षं बरोबर काढली आणि जाताना साधं वळूनही बघू नये? तसं मी दत्तूला बोलून दाखवलं.

"सुया बघत्यात," दत्तू म्हणाला.